टीव्हीमागच्या खाचाखोचा

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज पन्नासवर असतो, तरी "काय म्हणाली ती?" चालूच. साताऱ्याच्या घरी माळ्यावर जुना होम थिएटर धूळ खात होता. म्हटलं, तोच जोडू, पाच मिनिटांचं काम. अख्खा रविवार गेला आणि पुढचा अर्धा शनिवारही.

टीव्ही ३२ इंची एलसीडी, भिंतीला चिकटलेला. मागे डोकं जाईना म्हणून मोबाइल सरकवून फोटो काढला. होम थिएटरच्या पिना लाल-पांढऱ्या. टीव्हीवर लाल खाचा तर तब्बल तीन! एक पिवळ्या-पांढऱ्याच्या जोडीची, तिथे डिशचा बॉक्स. दुसरी हिरव्या-निळ्याशेजारी, ती कॉम्पोनंटची, म्हणजे चित्र तीन वायरींत वाटून नेणाऱ्या जोडणीची; लाल असूनही चित्राची. तिसरी कॉम्पोनंटच्या आवाजाची. सगळीकडे पिना खुपसून पाहिल्या. आवाज शून्य. मग फोटो मोठा केल्यावर बारीक अक्षरं दिसली: इन. सगळ्याच इन. ते टीव्हीचे कान होते, मी तोंड शोधत होतो.

हेडफोनची खाच असती तर साध्या वायरवर भागलं असतं. आमच्या टीव्हीला ती नाही. एचडीएमआयच्या एका खाचेवर 'एआरसी' लिहिलंय, तिच्यातून आवाज उलटा बाहेर येतो. पण होम थिएटर त्याआधीचा, त्याला एचडीएमआयच नाही. उरली चौकोनी, इवल्याशा झडपेची ऑप्टिकल. तिच्यातून आवाज प्रकाशाच्या रूपात निघतो, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो, म्हणजे त्या प्रकाशाचा लाल-पांढऱ्या पिनांना चालणारा आवाज करणारी डबी. तो आणला, त्याला वीज टीव्हीच्या यूएसबीतूनच दिली.

तरी शांतता. ऑप्टिकलची वायर आत बसेचना. आई चहा घेऊन आली नि म्हणाली, "अरे, हे टोपण काढायचं असेल ना?" टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपण होतं. ते काढून एक टोक टीव्हीत खोचलं, तर दुसऱ्या टोकाला लाल ठिपका चमकला. आता आवाज आला, पण नुसती खरखर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'डॉल्बी'वर, म्हणजे दाबून गुंडाळलेल्या प्रकारावर होता. स्वस्त कन्व्हर्टरला तो उलगडत नाही. 'पीसीएम', म्हणजे साधा, न गुंडाळलेला आवाज केला आणि मालिकेतली सासू एकदम घरात येऊन बोलायला लागली.

एवढं खटपटताना लक्षात आलं की डिशवाल्या मुलाने एचडी बॉक्स पिवळ्या वायरवर जोडून ठेवलाय. त्या वायरवरून एचडी जातच नाही. तीन वर्षं आम्ही एचडीचे पैसे भरतोय! एचडीएमआय वायर लावली, तेव्हा आईला निवेदिकेच्या साडीचे काठ पहिल्यांदा दिसले.

एक कटकट राहिली. आमच्या टीव्हीच्या ऑप्टिकलचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही आणि होम थिएटरचा रिमोट कधीच हरवलाय. जाहिरात लागली की बाबा उठतात, बटण फिरवतात, बसतात. मालिका सुरू झाली की पुन्हा उठतात.