दानपत्रातलं सातवं कलम

मोडी कागद वाचून बाळबोधीत उतरवून देणं हे माझं काम. येतात ती बहुतेक वाटण्यांची आणि गहाणखतांची कागदपत्रं. त्यामुळे एका गावच्या पाणपोई न्यासाचं दानपत्र वाचायला बोलावणं आलं, तेव्हा मी आनंदाने गेलो. रस्ता रुंदीकरणात न्यासाची जमीन गेली होती. मोबदला कशावर खर्चायचा हे ठरवायला दात्याची मूळ इच्छा हवी होती. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत उद्देश म्हणून एकच ओळ होती : वाटसरूंना पाणी देणे.

देवळाच्या ओसरीवर गाव जमलं होतं. मी मोठ्याने वाचत गेलो. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत रांजण भरलेले असावेत. पाणी भरणाऱ्याला शेताच्या उत्पन्नातून जोंधळे द्यावेत. गुरांसाठी दगडी डोण असावी. फुटलेल्या रांजणांच्या जागी नवे घ्यायला वेगळी रक्कम ठेवावी. ही शेवटची तरतूद मला फार आवडली. धर्मशाळा, घाट, विहिरी बांधून देणारे दाते पुष्कळ झाले. मागाहून देखभाल कोण आणि कशातून करणार, याचा विचार फार थोड्यांनी लिहून ठेवला.

मग सातवं कलम आलं. अस्पृश्यांनी रांजणाला शिवू नये, त्यांना पाणी वरून घालावं.

ओसरीवर कुणी बोलेना. एक विश्वस्त जवळ येऊन म्हणाले, “सर, एवढं गाळता येईल का? आता त्याचा काय उपयोग?” मी म्हणालो, “लिप्यंतराखाली माझी सही असते. त्यातलं अक्षरही गाळता येत नाही.”

दानपत्र 1923च्या आधीचं होतं. त्या वर्षी मुंबई कायदेमंडळात अस्पृश्यांना सार्वजनिक जागा खुल्या कराव्यात असा बोले ठराव झाला, पण तो सार्वजनिक पैशांवर किंवा सरकारी व्यवस्थेखाली चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा यांसारख्या जागांपुरता होता. तो ठरावही कागदावरच राहत होता, म्हणून 1927 साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी-तळ्यांवरचा भेदभाव राज्यघटनेने 1950मध्ये बंद केला. सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा मुंबई राज्याचा कायदाही त्याच वर्षीचा. पुढे नोंद करताना उद्देश तेवढा उतरवला गेला आणि ही अट पेटीतच राहिली.

मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले. “माझा आजा सांगायचा, लांब उभं राहून ओंजळ धरायची. गावात कुणी मानत नव्हतं. आता लेखी निघालं.”

ज्या दात्याने रांजण फुटेल याचीही काळजी केली, त्यानेच हेही लिहिलं. त्याचं दान मी खोटं मानत नाही; त्या पाण्याने कित्येकांचे जीव वाचले असतील. पण तेच पाणी कुणाला कसं मिळालं, हाही त्या दानाचाच इतिहास आहे.

विश्वस्तांनी संपूर्ण लिप्यंतर अर्जाला जोडलं. गावच्या इतिहासाची पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यात हे कलम घ्यावं का, यावर अजून वाद चालू आहे. मी माझं मत लेखी कळवलंय : दात्याचा फोटो छापणार असाल, तर सातवं कलमही त्याच पानावर छापा.