कुमैत की तपकिरी? द्राक्षमळ्यांतल्या घोडेसफरीचा माझा अनुभव

घोड्यावरून नाशिकचे द्राक्षमळे फिरायचे मनात असेल तर पहिलं काम म्हणजे घोड्याचं रक्त तपासायला देणं. खोल्या, कपडे, रस्ता, सगळं त्यानंतर. आम्ही उलट केलं आणि चार दिवसांची सफर तीन दिवसांवर आली. परत येऊन महिना झाला, तरी त्या एका कार्यालयाचा राग अजून मनातून गेलेला नाही.

मी नाशिकचीच. दोन वर्षांपासून शहराबाहेरच्या एका पागेत घोडेस्वारी शिकते आहे. पागेच्या मालकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मी शिकले मैना नावाच्या घोडीवर, माझी नणंद बादल नावाच्या अबलख घोड्यावर. बेत असा होता: गंगापूर धरणाच्या काठानं सावरगाव, पुढे गिरणारे, तिथून पेठ रस्ता ओलांडून रामशेजच्या पायथ्याची आशेवाडी आणि शेवटी दिंडोरी. दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर. जानेवारीचा शेवट धरला होता, कारण वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च चालते आणि मला घड वेलीवर असतानाच मळे बघायचे होते.

मुक्कामाच्या एका ठिकाणी त्यांचे स्वतःचे घोडे होते. त्यांनी सांगितलं, बाहेरचा घोडा आत घ्यायचा तर ग्लँडर्स नसल्याचा रिपोर्ट लागेल. ही अट मला तेव्हाही पटली, आजही पटते. ग्लँडर्स हा घोडा, गाढव, खेचर यांना होणारा जिवाणूजन्य रोग आहे, तो माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही. लागण पक्की झाली तर कायद्यानं जनावर मारावं लागतं. मामा म्हणाले, "ताई, माझ्या पागेत कोणी बाहेरचं जनावर आणलं तर मीही हाच कागद मागेन."

१३ जानेवारीला मैना आणि बादल दोघांचं रक्त काढलं. मानेच्या शिरेतून, दोन मिनिटांचं काम. मैना हललीसुद्धा नाही. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जाणार होते. सोबतच्या अर्जात घोड्याचं वर्णन लिहायचं असतं. अर्ज भरणाऱ्या मुलानं मला विचारलं, "रंग?" मामा तेव्हा मैनाला धरून उभे होते. मी म्हणाले, "तपकिरी." त्यानं तसं लिहिलं. मी सही केली.

आठवडा गेला. मी वाट बघत होते. हरियाणा लांब आहे, लागतील दिवस, असं मनाला समजावत होते. २२ तारखेला न राहवून पशुवैद्यकीय कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी फ्रिज उघडून दाखवला. आमचा डबा तिथेच होता. नऊ दिवस तो नाशिकच्या बाहेर पडलाच नव्हता.

कारण काय? मैनाच्या लसीकरण पुस्तिकेत रंग लिहिला होता कुमैत, आणि अर्जात तपकिरी. "दोन्ही एकच जनावर कशावरून?" असं त्यांनी मला विचारलं. मी विचारलं, मग मला कळवलं का नाही? अर्जावर माझा फोन नंबर आहे. ते म्हणाले, "त्रुटी असली की अर्जदारानं येऊन विचारायचं असतं." त्रुटी आहे हे अर्जदाराला कळणार कसं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. बादलच्या कागदात काहीच चूक नव्हती, पण दोघांचे नमुने एकाच डब्यात, म्हणून तोही अडकला.

मी तिथूनच मामांना फोन लावला. ते अर्ध्या तासात मोटरसायकलवर आले. आवाज न चढवता त्यांनी बाबूंना समजावलं, "साहेब, अंग तांबूस तपकिरी आणि आयाळ, शेपटी, पायाचा खालचा भाग काळा, त्याला कुमैत म्हणतात. कुमैतला नुसतं तपकिरी म्हणणं म्हणजे सोनचाफ्याला पिवळं फूल म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही, पण ओळख पटत नाही." बाबूंनी मान डोलावली. अर्जावर दुरुस्ती करून सही घेतली. मला वाटलं, सुटलो.

मग आतून डॉक्टर आले. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, हे आता चालणार नाही. रक्त साकळलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. चाचणी त्याच्यावर होते. ते वेळेत वेगळं काढलं नाही तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम लाल होतं. आमच्या दोन्ही नळ्या लाल झाल्या होत्या. डॉक्टर सौजन्यानं बोलले, त्यांच्यावर माझा रोष नाही. पण एका शब्दासाठी दोन जनावरांचं रक्त वाया गेलं होतं, आणि हे कळायला मला स्वतः फ्रिजपर्यंत जावं लागलं होतं. त्या संध्याकाळी पागेत मैनाला खरारा करताना मला रडू आलं.

२४ तारखेला पुन्हा रक्त काढलं. या वेळी मी हललेच नाही. सीरम वेगळं काढेपर्यंत तिथेच बसून राहिले. मध्ये प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आली. २७ ला डबा निघाला. मी कुरिअरच्या पावतीचा फोटो काढून घेतला आणि रोज बघत राहिले. हिसारला पोचल्यावर मात्र काही अडलं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात रिपोर्ट आला: दोघेही निगेटिव्ह. तोवर दिंडोरीकडची खोली हातची गेली होती. फेब्रुवारीत तिकडे शनिवार-रविवार मिळतच नाहीत, म्हणून तो टप्पा गाळला.

सफर सुंदर झाली. सकाळी साडेसहाला धरणाच्या पाण्यावर धुकं, खाली मैनाच्या नालांचा आवाज, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. सुलाची पहिली वाइन २००० साली आली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरी द्राक्ष म्हणजे थॉमसन, एक तर खायचं नाहीतर त्याचा बेदाणा. वाइनचं द्राक्ष मी पहिल्यांदा घोड्यावर बसून हाताशी पाहिलं: मणी बारीक, साल जाड, आत बी. एका मळ्यात तोडीला आलेल्या बायकांनी आम्हाला थांबवून शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षाचा एक घड दिला. साखरेसारखा गोड होता. तोड पहाटेच उरकतात, म्हणजे माल गार असतानाच वायनरीत पोचतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मळ्यातून जाताना मालकाला विचारल्याशिवाय ओळीत शिरू नका. ठिबकच्या नळ्या घोड्याच्या पायात येतात आणि मांडवाचे ताण दिलेले तारांचे दोर कडेला दिसतच नाहीत. बादल एकदा असाच अडखळला. फवारणी कधी झाली तेही विचारा. पानावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) किंवा गंधक असतं आणि घोडा चालता चालता तोंड घालतो.

वाइन चाखायची ती संध्याकाळी, खोगीर उतरवून, घोड्याला पाणी-चारा झाल्यावर. दुपारी दोन घोट घेऊन पुन्हा मांड टाकू असं नणंद म्हणाली होती. मामांनी साफ नकार दिला आणि ते बरोबर होतं. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, तेव्हा तारखा ठरवताना कॅलेंडर बघा. वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, तरुण मुलं बरोबर असतील तर ओळखपत्र घ्या.

जीन्सची शिवण मांडीला काचते, दुसऱ्या दिवशी बसवत नाही. मऊ, बिनशिवणीची पँट घ्या. डांबरी रस्ता ओलांडायचा असल्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी नालबंदाला बोलावून नाल तपासा. आदल्या दिवशी नको, नवा नाल बोचत असेल तर ते वाटेत कळतं.

आशेवाडीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. रामशेजचा हा छोटासा किल्ला औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद देत नव्हता, हे शाळेत वाचलेलं. पायथ्याशी मैनाच्या खोगिराचा तंग सैल करून मी तिच्या मानेला टेकून उभी राहिले. तिसऱ्या दिवशी इथूनच परत फिरायचं होतं. समोर दिंडोरीचा रस्ता दिसत होता. त्या रस्त्याला आम्ही गेलो नाही याची हळहळ आहे.

एक राहिलंच. अर्जातलं वर्णन दुसऱ्याला लिहू देऊ नका. घरूनच कागदावर लिहून न्या, पुस्तिकेतल्या शब्दाला शब्द जुळवून, आणि घोड्याच्या मालकाला दाखवून. आमच्या दुसऱ्या अर्जात मामांनी सांगितलेलं मी असं लिहिलं होतं, आणि त्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही: घोडी, वय ९ वर्षे, रंग कुमैत, आयाळ व शेपटी काळी, कपाळावर पांढरा तारा, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा, मानेच्या उजव्या बाजूस एक भोवरा.