बीम टेकला होता तिथेच दार हवं होतं

कराडमधला एक बंगला, १९७०च्या आसपास बांधलेला. पूर्ण लोड बेअरिंग, म्हणजे सगळं वजन भिंतींवर, घरात कॉलम एकही नाही. खाली गॅरेज आणि त्याला लागून स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मालकांच्या आईंना गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात साडेतीन फुटी दार पाडायचं ठरलं होतं. मागणी अगदी रास्त. मी पोचलो तेव्हा भिंतीवर खडूने चौकट आखून झाली होती आणि भिंत फोडायचा ब्रेकरही आला होता. ठेकेदार म्हणाला, "एका दिवसाचं काम साहेब. वर दोन लोखंडी अँगल टाकू."

ब्रेकर मी आधी बाहेर न्यायला लावला. ही मधली भिंत १४ इंची, दोन्ही बाजूंचे स्लॅब तिच्यावर टेकलेले, वर पुन्हा ९ इंची भिंत आणि गच्चीचा स्लॅब. ढोबळ हिशेब केला तरी दर मीटर लांबीला ५ ते ६ टन भरतात. विटा वरच्या वर कमान धरतात, हा ठेकेदाराचा भरवसा होता. धरतातही, पण त्यासाठी दाराच्या माथ्यावर पुरेशी उंच, अखंड भिंत लागते. साडेतीन फुटी दारावर कमानीखाली येणारा ६० अंशांचा त्रिकोणच तीन फूट उंच होतो, आणि इथे स्लॅब नेमका तीन फुटांवर होता. म्हणजे स्लॅबचं वजन कमानीच्या भरवशावर सोडताच येत नव्हतं.

घराचा नकाशा कुणाकडेच नव्हता. मग टेप घेऊन मी वर गेलो. अशा घरात मी हे नेहमी करतो, कारण खालून जे दिसत नाही ते वरच्या भिंती सांगतात. वरच्या दोन खोल्यांच्या मधोमध ९ इंची विटांची भिंत होती आणि तिच्या खाली, स्वयंपाकघरात, भिंतच नव्हती! तिथे पीओपीचं फॉल्स सीलिंग. भिंत हवेत उभी राहत नाही. तिच्याखाली बीम असणार आणि त्याचं एक टोक गॅरेजच्या भिंतीवर बसलेलं असणार. मागच्या कोपऱ्यापासून मोजलं तर बीमचा मध्य ७ फूट ४ इंचांवर येत होता. खडूच्या चौकटीचा मध्य होता ७ फुटांवर.

मिस्त्रींना तेवढ्या भागातला गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढायला सांगितला. बीमचं टोक अंदाज केला होता तिथेच निघालं. खाली बेड ब्लॉक, म्हणजे बीमचं वजन विटांवर पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा, नाही; बीम सरळ विटांवर ठेवलेला. मिस्त्रींनी टॉर्च धरली आणि म्हणाले, "सायेब, ह्यो थर बघा, चेंगरलाय." बीमखालच्या दोन विटा उभ्या तडकल्या होत्या, सांध्यातला मसाला बोटाने भुगा होऊन पडत होता. त्याच्या खालीच दार पाडायचं चाललं होतं. मालक बराच वेळ त्या विटांकडे बघत राहिले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हलवलेला हा मुलूख. इथे भिंतीची ताकद काढून घेताना मला दुप्पट भीती वाटते.

दार पुढच्या बाजूला सरकवलं, बीमच्या कडेपासून दोन फूट अखंड भिंत राखून. पुढच्या कोपऱ्याकडेही पावणेतीन फूट उरले. त्यासाठी ओटा दीड फूट कापावा लागणार होता आणि वहिनींना ते अजिबात पटेना. त्यांना गॅरेजमध्ये नेऊन त्या दोन विटा दाखवल्या. मग त्यांनीच मिक्सरची जागा बदलायचं काढलं.

पहिलं काम बीमचं. दोन्ही बाजूंना टेकू लावले, पाचरी ठोकून घट्ट केले, चेंगरलेल्या विटा काढून काँक्रीटचा बेड ब्लॉक बसवला आणि त्याला पुरती ताकद येऊ दिली. दारासाठी एका बाजूने भिंतीत खाच घेऊन १५० मिमीचा लोखंडी चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराची तुळई) सरकवला. वरच्या फटीत न आकसणारा ग्राउट ठासून भरला, कारण तिथे पोकळी राहिली तर चॅनेल आहे आणि भार घेत नाही, अशी गत होते. तो पक्का झाल्यावरच दुसऱ्या बाजूची खाच. दोन्ही चॅनेल आरपार बोल्टने जखडले, त्यांची टोकं दोन्हीकडे आठ-आठ इंच भिंतीवर टेकवली. खालच्या विटा ग्राइंडरने सांधे कापत वरून खाली उतरवल्या. ब्रेकरला हात लावू दिला नाही. त्याच्या हादऱ्याने पन्नास वर्षांचा मसाला सैल होतो.

वरच्या खोलीत जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भिंत जरा जरी सरकली असती तरी काच तडकली असती. टेकू एकदम न काढता पाचरी थोड्या थोड्या सैल केल्या आणि दर वेळी कुणीतरी वर जाऊन पट्ट्या बघून आलं. सगळ्या शाबूत होत्या. पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्या काढू नका, असं मालकांना सांगितलं. बीम, बेड ब्लॉक आणि चॅनेल यांची मापं घालून भिंतीचा नकाशा काढला आणि घराच्या कागदपत्रांत ठेवायला दिला.