तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मांजर देऊन टाकू का?’

पोराला उठल्याउठल्या पंधरा-वीस शिंका, रात्री खोकल्याची उबळ आणि घरात मांजर असलं, की हा प्रश्न ठरलेला. एकदाच लिहून ठेवते.

टेस्ट केलीत? नाही ना? मग मांजराने तुमचं काय घोडं मारलंय? स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे संशयितांच्या अर्काचे थेंब कातडीवर टाकून हलकेच टोचायचं; तिला अर्धा तास पुरतो. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात, डॉक्टरांना विचारून. १५-२० मिनिटांनी ३ मिमी किंवा त्याहून मोठी गांधी उठली, तर पुढचं बोलू.

नाहीतर काय होतं, तेही ऐका. मुलगी रडून घर डोक्यावर घेते, मांजर टोपलीतून मामाच्या गावी जातं. पंधरा दिवस सगळे वाट बघतात. शिंका तशाच. मग निकाल लागतो: ‘म्हणजे मांजर नव्हतंच!’ हा निकालही टेस्टशिवायच. मांजराची ॲलर्जी मुळात केसांची नाही. फेल डी १ नावाचं प्रथिन त्याच्या त्वचेच्या तैलग्रंथींतून आणि लाळेतून येतं. अंग चाटून वाळलं, की कोंड्याबरोबर उडतं. त्यातले बरेच कण ५ मायक्रॉनहून बारीक, तासन्‌तास हवेत राहणारे. ते सोफ्यात, पडद्यांत, गादीत मुरतात. मांजर गेल्यावरही पातळी उतरायला ५-६ महिने जातात. पडदे आणि खोळी धुतल्या, गालिचा काढला, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, तर लवकर. पंधरा दिवसांत काहीच कळत नाही. मांजर मात्र गेलेलं असतं, आणि मुलगी आईशी बोलत नसते.

बरं, टेस्टमध्ये पुष्कळदा निघतात ते धुळीतले माइट. पाव मिलिमीटरचा जीव, पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली की सुकून मरतो; मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याची चंगळ. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या लेंड्यांचा. त्या १०-४० मायक्रॉनच्या, जड; गादी हलली की उडतात आणि अर्ध्या तासात खाली बसतात. म्हणून माइटसाठी एअर प्युरिफायरवर हजारो रुपये घालू नका. आणि दिवाळीआधी गादी गॅलरीत टाकून काठीने बडवणं! उन्हाने वरच्या थरातले माइट मरतात, पण लेंड्या तिथेच राहतात आणि बडवणाऱ्याच्या नाकात जातात. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा तर पेशंटला त्या दिवशी घराबाहेर पाठवा.

पैसे कमी असतील तर आधी उशी. कव्हर सगळ्या बाजूंनी बंद, चेनचं, विणीची छिद्रं १० मायक्रॉनहून लहान; चेनच्या टोकाशी फट राहते तिथे चिकटपट्टी. चादरी दर आठवड्याला ५५-६० अंशांच्या पाण्यात. मशीनमध्ये हीटर नसेल तर बादलीत कढत पाणी ओतून झाकून ठेवा. पहिली १०-१५ मिनिटं ते ५५ च्या खाली जाता कामा नये. गार पाण्याने लेंड्या बऱ्याच निघतात, माइट जिवंत राहतात. मऊ खेळणी पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये, मग धुवा.

‘एवढं केलं की दमा थांबेल?’ पूर्वी मी बेधडक ‘हो’ म्हणायचे. मग २००८ मध्ये ५४ चाचण्यांचा आढावा आला: माइट कमी करण्याच्या उपायांनी दम्यात फरक दिसला नाही. तोंड बंद. पुन्हा २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या २८४ मुलांवर माइट रोखणाऱ्या कव्हरची चाचणी आली: दम्याच्या अटॅकमुळे वर्षभरात हॉस्पिटल गाठावं लागलं ते खऱ्या कव्हरवाल्यांपैकी २९ टक्क्यांना, नकली कव्हरवाल्यांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स मात्र कमी झाले नाहीत. आता यावर मी काय सांगू? कव्हर घालाच म्हणते, आणि दम्याचा पंप बंद करू नका हेही त्याच दमात.

आणि टेस्टमध्ये मांजरच निघालं तर? मांजराला बेडरूम बंद ठेवा, प्युरिफायर इथे थोडा उपयोगी, आंघोळ घातलीत तर फरक जेमतेम आठवडाभर टिकतो. हे सगळं करूनही मुलाला धाप लागत असेल, तर हो, द्या. फरक दिसायला सहा महिने लागू शकतात, हे मुलीला मात्र आधीच सांगून ठेवा.