भाड्याच्या घरातली सागवानी जमीन

रविवार, रात्री. ठाणे.

नौपाड्यातल्या या घराचा करार पुढच्या महिन्यात संपतो आहे आणि नव्या कराराचा मसुदा आज एजंटने पाठवला. भाडे, अनामत, मेंटेनन्स, एक महिन्याची पूर्वसूचना, सगळे नेहमीचेच आहे. जमिनीबद्दलही तेच ठरावीक वाक्य, की रोजच्या वापराने होणारी झीज वगळता घर जसे मिळाले तसे परत करावे. टाइल्स असलेल्या घरात एवढे पुरते. आमच्या दिवाणखान्यात मात्र सागाच्या फळ्या आहेत, आणि लाकूड बाराही महिने एकसारखे राहत नाही.

या फळ्या मुळात शहापूरच्या. मालकीणकाकूंच्या सासऱ्यांनी तिथले जुने घर उतरवले तेव्हा त्याच्या तुळया वखारीत चिरून घेतल्या आणि इथे बसवल्या. खिडकीजवळच्या फळीत जुन्या खिळ्याचे भोक आहे आणि त्याच्याभोवती लाकूड निळसर काळे पडले आहे, कारण लोखंडाला ओल लागली की सागात असा डाग उतरतो. मला तो डाग आवडतो. त्या घराची तेवढीच खूण इथे उरली आहे. पण तो आमच्या आधीपासूनचा आहे, हे कागदावर यायला हवे.

लाकूड हवेतली ओल शोषते आणि रुंदीत फुगते. लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच चांगला सुतार भिंतीलगत थोडी फट सोडतो आणि ती स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकतो. सध्याच्या पावसात फळ्या एकमेकींना इतक्या भिडल्या आहेत की सांध्यात नखही शिरत नाही, आणि कोरड्या दिवसांत त्याच सांध्यात जाड कागद सहज सरकतो. हा दोष नव्हे आणि भाडेकरूने केलेले नुकसान तर नव्हेच. पण घर सोडताना अनामतीवरून वाद होतो तो नेमका अशा फटींवरून. साग अंगच्या तेलामुळे पुष्कळ सोसतो, आणि चरे पडले तर घासून पुन्हा पॉलिश करता येते. लॅमिनेटचे तसे नाही. दाबलेल्या भुश्शाच्या त्या पट्टीवर लाकडाच्या छपाईचा कागद असतो. सांध्यातून पाणी आत गेले की कडा फुगतात आणि मग पट्टीच बदलावी लागते. घर भाड्याने घेताना पायाखाली यांपैकी काय आहे, हे विचारून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “ताई, ह्याच्यावर पाणी चालतं का?” आता त्या फडके घट्ट पिळून फळ्यांच्या लांबीच्या दिशेने पुसतात आणि फिनाईलची बादली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आणत नाहीत. एवढी निगा पाहुण्यांना सांगूनही जमत नाही.

करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम ५५ सांगते आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकते. नोंदणी होणारच आहे, तर त्याला जमिनीचे एक परिशिष्ट जोडायला काय हरकत आहे? संध्याकाळी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “लिही की बाई. आजवर कुणी विचारलंच नाही मला.” मग डागाचा फोटो, ऋतूप्रमाणे पडणाऱ्या फटी, खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या, गळती दिसल्यास त्याच दिवशी कळवणे, असे सगळे लिहून काढले.

पॉलिशवर मात्र बराच वेळ बोलणे झाले. काकूंना ते गणपतीच्या आधी उरकायचे होते. दमट हवेत पॉलिश नीट वाळत नाही आणि त्यावर पांढुरकी झाक येते, हे मी समजावून सांगितले, तेव्हा दिवाळीनंतर करायचे ठरले. खर्च त्यांचा आणि सामान हलवण्याचे काम आमचे, हेही परिशिष्टात घातले आहे. मसुदा उद्या सकाळी एजंटकडे जाईल.