आठ फुटी टाकी आणि घराची फरशी

आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या माशांच्या टाकीचं हे माप. काठोकाठ भरली तर १,७०० लिटर पाणी मावतं. वरचे दोन इंच मोकळे सोडले आणि खालच्या फिल्टरच्या टाकीतलं धरलं, तर १,७५० लिटरच्या आसपास पाणी रात्रंदिवस फिरत असतं. बघायला येणारा प्रत्येकजण आधी माशांचं विचारतो. मला विचाराल तर मासे हा अगदी शेवटचा विषय. दोन-तीन फुटी टाकी असेल तर काचेच्या आत लक्ष दिलं की भागतं. आठ फुटी टाकीचं बहुतेक काम काचेच्या बाहेर असतं: फरशी, वायरिंग, पाण्याचा साठा, सांडपाण्याची वाट. कुणाच्या मनात असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एवढी मोठीच का, हेही आधी सांगतो. मला पश्चिम घाटातले मासे पाळायचे होते, आणि त्यातही डेनिसन बार्ब. केरळातल्या वाहत्या नद्यांतला हा मासा सहा इंचांपर्यंत होतो. अंगावर काळी रेघ, तिच्यावर अर्ध्यापर्यंत लालभडक रेघ, शेपटीच्या टोकांना काळे-पिवळे पट्टे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत टाकलं. हा थव्यानं राहतो आणि क्षणभरही थांबत नाही. चार फुटी टाकीत त्याचं निम्मं आयुष्य वळण्यात जातं. पंधरा-वीस डेनिसन एका दमात सरळ पोहताना बघायचे असतील तर लांबी हवीच, त्याला पर्याय नाही.

आता वजन. पाण्याचा हिशेब सोपा, लिटरला किलो. १९ मिलिमीटरची काच धरली तर नुसत्या काचेचे साडेतीनशे किलो होतात. त्यात वाळू, दगड, लोखंडी स्टँड आणि खालची टाकी मिळवली की आकडा अडीच टनांवर जातो. स्टँड इथं कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. तिथल्या वेल्डरकाकांनी आकडा ऐकला आणि टेप खाली ठेवली. “म्हंजे पाच म्हशी एका जागी उभ्या, त्या बी रात्रंदिवस,” असं म्हणून त्यांनी चौकोनी पाईप एक माप जाड लिहून घेतला.

मुलांना टाकी वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत हवी होती. आरसीसीचं काम बघणाऱ्या इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी कागदावर दोनच आकडे लिहिले. राहत्या घराच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. अडीच फूट खोल पाण्याचा भार चौरस मीटरला साडेसातशे किलो होतो, काच-लोखंड वेगळं. विषय तिथंच मिटला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी बघावेत. तुळई कुठून गेलीय, टाकी भिंतीलगत आहे का, यानं फरक पडतो, पण तो फरक जाणकारानं सांगायचा असतो, काचवाल्यानं किंवा आपण ठरवायचा नव्हे.

तळमजला म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. राजारामपुरीतलं आमचं घर वडिलांनी बांधलेलं, जोत्यात मुरूम भरून वर शहाबादी फरशी. गवंडीमामांनी कोयत्याच्या मुठीनं एकेक फरशी ठोकत आवाज ऐकला. खिडकीकडच्या बाजूला आवाज पोकळ आला. फरशा उचलल्या तर खाली मुरूम चांगला बोटभर बसलेला. माणसं आणि कपाटं यांच्या वजनाला ते खपून गेलं होतं, अडीच टनांना खपलं नसतं. मग टाकीच्या मापापेक्षा सगळीकडून फूटभर जास्त उकरलं, पाणी मारून धुम्मस केली, दगडाचं सोलिंग, लोखंडी जाळी आणि वर सहा इंच काँक्रीट. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. तेवढे दिवस गोणपाट ओलं ठेवायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. सकाळी तुळशीला पाणी, मग काँक्रीटला. मामा जाताना बजावून गेले होते, “घाई करू नगा दादा, ह्याला पाणी पाजा निवांत.”

स्टँड आला त्या दिवशीचं काम मी नीट बघून ठेवलंय, कारण टाकीचं आयुष्य तिथं ठरतं. मामांकडे पाणसळ होती, पण आठ फुटांच्या लांबीला त्यांनी ती वापरली नाही. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. नळीत एक बुडबुडा अडकला होता. तो टिचक्या मारत वर काढेपर्यंत त्यांनी मापच घेतलं नाही. मग एका कोपऱ्यावर पेन्सिलीची खूण, तिच्याशी बाकीच्या तीन कोपऱ्यांचं पाणी जुळवायचं. मागचा डावा कोपरा तीन मिलिमीटर खाली निघाला. तिथं पायाखाली लोखंडी पट्टी सरकवली, परत चारी कोपरे बघितले, आणि मग पायांखाली ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गिलावा, भरलं. स्टँड तिरका राहिला तर काचेला पीळ बसतो आणि तो पीळ सिलिकॉनच्या सांध्यावर येतो. भरलेल्या टाकीखाली नंतर पट्टी सरकवता येत नाही.

एवढी टाकी तयार आणायची तर दारातून आत येत नाही, म्हणून ती खोलीतच जोडली. काचेच्या जाडीबद्दल लोकांची गल्लत होते. पाण्याचा दाब पाणी किती खोल आहे यावर अवलंबून असतो. टाकी सहा फुटी असो की दहा फुटी, तळाशी दाब तेवढाच. म्हणून उंची ठरवताना हात आखडता घ्यावा. अडीच फुटांच्या वर गेलं की काच महाग होते आणि साफ करताना हातही तळाला पोचत नाही. वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या बसवून घेतल्या, त्यानं पुढची-मागची काच फुगत नाही. पाईपची भोकं जोडायच्या आधीच पाडली. स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्मोकोल आणि त्यावर तळाची काच. सिलिकॉन सुकेपर्यंत घरभर व्हिनेगरसारखा वास होता. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी पहिल्यांदा लोणच्याच्या बरण्या तपासल्या.

पाणी एकदम भरलं नाही. पाव टाकी भरली, पातळीला चिकटपट्टी लावली आणि रात्र जाऊ दिली. सकाळी वर्तमानपत्राच्या कागदाची घडी प्रत्येक सांध्यावरून फिरवली. कोरडी निघाली की पुढची पाव टाकी. पूर्ण भरल्यावर आठवडाभर तशीच ठेवली आणि मगच वाळू-दगडाचं बघितलं. दगड आपला काळा बेसाल्टच घेतला. दगडावर लिंबू पिळून फेस येतो का बघावं. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहतो. बेसाल्टवर काही झालं नाही.

फिल्टर टाकीच्या खाली, म्हणजे संप. वरून पाणी कंगव्यासारख्या फटीतून खाली उतरतं, आधी जाळीदार स्पंजातून, मग सिरॅमिकच्या नळकांड्यांतून जातं आणि पंप ते परत वर फेकतो. पंप तासाला ७,५०० लिटरचा घेतला, कारण या बार्बना प्रवाह लागतो. लाईट गेली की काय होतं, हे आधी बघावं. पंप थांबतो, पण वरचं पाणी फटीच्या पातळीपर्यंत खाली येतच राहतं. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. शिवाय वर जाणाऱ्या पाईपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक ठेवावं, म्हणजे उलटा ओघ तिथं हवा घेऊन तुटतो. आम्ही मेन स्विच मुद्दाम पाडून बघितला. संप काठापासून चार बोटं खाली थांबला, तेव्हा जिवात जीव आला.

वायरिंग वेगळं ओढलं, त्याला स्वतःचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ सोडला, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटात जात नाही. पंप आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर घेतले. दिवे आणि हीटर नाही घेतले, मासे अंधारात राहू शकतात, हवेशिवाय नाही.

पाण्याचा विषय कोल्हापुरात सोपा वाटतो, कारण नदी उशाशी आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. पुराचं पाणी आमच्या गल्लीपर्यंत येत नाही, टंचाई मात्र येते. म्हणून मागच्या अंगणात हजार लिटरची वेगळी प्लास्टिकची टाकी बसवली, फक्त माशांसाठी. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, ते वापरत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो मारायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर हजार लिटरला सात-आठ ग्रॅम हायपो पुरतो. पावसाळ्यात क्लोरीन वाढवलेला असतो, तेव्हा आधी तपासून मग प्रमाण ठरवतो.

यानंतरचा टप्पा बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात कंटाळवाणा, आणि मला सगळ्यात आवडलेला. टाकी भरलेली, पंप चालू, आणि एकही मासा नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरा बऱ्यापैकी सुसह्य. हे जिवाणू सिरॅमिकवर वसायला महिना-दीड महिना लागतो. त्यांना खायला म्हणून प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणला. आमच्या पाण्यात अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम आणायला अकरा ग्रॅम पुरला. एका मित्राच्या जुन्या फिल्टरमधला स्पंज आमच्या संपमध्ये पिळून घेतला, त्यातून विरजण मिळालं. थंडीत रात्री पाणी गार पडतं आणि जिवाणू सुस्तावतात, म्हणून दोन हीटर लावले. मुलगी रोज संध्याकाळी तपासणीच्या नळ्या धरून बसायची. अमोनियाची हिरवी नळी पिवळी पडत गेली, मग नायट्राइटची जांभळी झाली आणि जांभळीच राहिली. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रंगीत खडूनं ठिपके काढले होते. जांभळ्या ठिपक्यांची रांग लांबत गेली, आणि एका संध्याकाळी नळी स्वच्छ निळी आली. ती ओरडतच स्वयंपाकघरात गेली. मी दुसऱ्या दिवशी परत अकरा ग्रॅम टाकून बघितलं. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. तेव्हाच माशांसाठी फोन केला.

डेनिसन बार्ब रानात धोक्यात आलेल्या माशांत मोडतो, म्हणून हॅचरीत पैदास झालेलेच पाहिजेत असं दुकानदाराला स्पष्ट सांगितलं. झेब्रा लोच हा मासाही मनात होता. तो कृष्णा खोऱ्यातला, आणि आमची पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते. पण बाजारात येणारे लोच बहुतेक नदीतून धरलेले असतात, तेव्हा त्याचा नाद सोडला. त्याऐवजी हॅचरीतले फिलामेंट बार्ब घेतले.

मासे मुंबईहून रात्रीच्या गाडीनं थर्मोकोलच्या खोक्यात आले. पिशवी टाकीवर तरंगवून तापमान जुळवलं, पण पिशवी उघडल्यावर मग रेंगाळलो नाही. प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडही साठलेला असल्यानं तो सौम्य राहतो. तोंड उघडलं की तो वायू उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून मासे जाळीनं उचलून घेतले आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोग आहे का बघितला आणि मगच मोठ्या टाकीत सोडले, तेही थोडे थोडे करून. जिवाणू खाण्याच्या मानानं वाढतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी डेनिसन एका कोपऱ्यात दाटीनं उभे होते. पंपाचा झोत जिथं पडतो तिथं त्यातला एक गेला, त्याच्यामागं सगळे गेले, आणि टाकीची पूर्ण लांबी त्यांनी एका दमात कापली. आई सोफ्यावरून उठून उभी राहिली.

आता दर रविवारी चारशे लिटर पाणी बदलतो. ते नळीनं थेट परसात जातं, पपई, कढीपत्ता आणि जास्वंदीला. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांना खतच. संपमध्ये मनी प्लँटच्या मुळ्या सोडल्यात, त्याही नायट्रेट ओढतात. एप्रिलमध्ये पाणी अठ्ठावीसच्या वर जायला लागलं, तेव्हा संपवर पंखा लावला. बाष्पीभवनानं दोन अंश उतरतात, पण रोज बादलीभर पाणी वर घालावं लागतं. मासे वाढून जास्त झाले तर ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यायचे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. रंकाळ्यात किंवा नदीत एकही सोडायचा नाही. टाकीतला सकर मासा उजनी धरणात पसरून तिथल्या मासेमारांची जाळी फाडतोय, हे आपण बघतोच आहोत.

सध्या अंगणात दुसरी हजार लिटरची टाकी बसवायचं चाललंय. मामांनी तिच्या ओट्याची जागा आखून दिलीय, आणि जूनच्या आत ती भरून ठेवायची आहे.