सहा रकाने आणि त्यांतला एक तीन

निकालाच्या कागदावर सहा रकाने होते. उच्चार ४, वाक्यरचना ४, ओघ ४, आकलन ५, संवाद ४ आणि शब्दसंपत्ती ३. वैमानिकांच्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेत सहांपैकी सर्वांत लहान आकडा हाच उमेदवाराचा अंतिम स्तर मानतात आणि परवान्यासाठी किमान चौथा स्तर लागतो. त्यामुळे पाच रकान्यांतली कमाई सहाव्याने धुऊन नेली. लेखी विषय, वैद्यकीय तपासणी, उड्डाणाचे तास हे सगळे उरकले होते, पण फाइल या एका कागदापाशी अडली.

केंद्राच्या खिडकीवर मी तीन फेऱ्या मारल्या. तीन का मिळाले, असे विचारल्यावर ‘निकाल दिलेला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. माझे ध्वनिमुद्रण मला ऐकू द्यावे म्हणून केलेल्या अर्जाला तर उत्तरच आले नाही, आणि फेरपरीक्षेची तारीख मिळाली ती सात आठवड्यांनंतरची. त्या खिडकीचा राग अजून गेलेला नाही. मात्र चूक कुठे झाली ते मला पुढे स्वतःच शोधून काढावे लागले.

परीक्षेत एक छायाचित्र दाखवून त्याचे वर्णन करायला सांगितले होते. जेट विमान टॅक्सीवे सोडून गवतात गेले होते, डावी चाके चिखलात रुतली होती, विमान त्या बाजूला कलंडले होते आणि पंखाखालून काहीतरी ठिबकत होते. रुतणे, कलंडणे, ठिबकणे ही तिन्ही क्रियापदे मराठीत जिभेवर तयार होती. इंग्रजीत मी ‘द व्हील इज इन द मड’ म्हणालो आणि गप्प झालो. आमच्या शेतात ठिबक सिंचन आहे आणि घरात त्याला सगळे ‘ड्रिप’च म्हणतात, तरीही तो शब्द त्या घटकेला आठवला नाही, याची चीड मला खिडकीवरच्या माणसाइतकीच स्वतःचीही येते.

नंतर मी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची स्तरनिश्चितीची मोजपट्टी नीट वाचली. शब्दसंपत्तीच्या चौथ्या स्तरासाठी नेमका शब्द यायलाच हवा अशी अट तिच्यात नाही. अनपेक्षित प्रसंगी शब्द अडला, तर तोच आशय दुसऱ्या शब्दांत सांगता यायला हवा, एवढीच अपेक्षा आहे. तिसऱ्या स्तराच्या उमेदवाराला हे बहुतेक वेळा जमत नाही. म्हणजे मला तीन मिळाले ते ‘ड्रिप’ आठवला नाही म्हणून नव्हे, तर ‘पंखाखालून थेंब थेंब द्रव पडतो आहे, ते इंधन असू शकते’ असे वळसा घालून सांगण्याऐवजी मी मुका राहिलो म्हणून, असाच निष्कर्ष मी काढला.

आमच्यापैकी बहुतेकांचा गैरसमज असतो की रेडिओवरची ठरावीक वाक्ये पाठ झाली की इंग्रजी आले. ‘रॉजर’ म्हणजे निरोप पूर्ण ऐकला आणि ‘विल्को’ म्हणजे समजले, तसेच करतो, हे मला झोपेतही सांगता येत होते. पण ती वाक्ये रोजच्या कामापुरती असतात. १९९० साली न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलेल्या कोलंबियन विमानाच्या वैमानिकांनी कंट्रोलरकडे प्राधान्य मागितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. ७३ जण गेले. आपल्याकडे हरियाणातील चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानांच्या टकरीत ३४९ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर भाषेच्या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. या परीक्षेचा मला कितीही वैताग आला असला, तरी ती अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही.

अर्जातले नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी जुळते का, हे आधीच पाहावे. माझ्या आडनावात एक अक्षर जास्त होते आणि त्यात आणखी चार दिवस गेले. मराठी वळणाच्या उच्चारांचीही फार धास्ती नको. मातृभाषेचा प्रभाव चौथ्या स्तराला चालतो, फक्त ऐकणाऱ्याला अर्थ लावताना वारंवार अडचण येता कामा नये. माझा ‘झिरो’ दोन्ही वेळा तसाच राहिला.

त्या सात आठवड्यांत उसाचा हंगाम सुरू होता. एका संध्याकाळी आमच्या वळणावर भरलेली ट्रॉली डांबरी रस्ता सोडून काळ्या मातीत उतरली, एका बाजूला कलंडली आणि मोळ्या ओढ्यापर्यंत घरंगळल्या. बाबा दोरखंड आणायला धावले, तर मी बांधावर उभा राहून मोठ्याने इंग्रजीत सांगू लागलो की डावे चाक टणक पृष्ठभाग सोडून मऊ जमिनीत गेले आहे, ते स्वतःच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही आणि रस्ता अर्धा अडला आहे. ‘‘अरे, आधी हात लाव!’’ असे बाबा ओरडले ते रास्तच होते. माझ्यासमोर मात्र पुन्हा तेच छायाचित्र उभे होते, आणि या वेळी मी गप्प नव्हतो.

फेरपरीक्षेच्या चित्रात केबिनमधला एक प्रवासी भोवळ येऊन पडला होता. ‘फेंट’ आठवला नाही. तो काही क्षण शुद्धीवर नव्हता, आता डोळे उघडतो आहे, पण उभा राहू शकत नाही, असे मी सांगत गेलो. शब्दसंपत्तीला चार मिळाले. चौथ्या स्तराला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसावे, अशी त्या संघटनेची शिफारस आहे. पाचव्याला ती मुदत सहा वर्षांची आहे. म्हणून पुढचा अर्ज मी मुदतीच्या चार महिने आधी करणार आहे, आणि तोही दुसऱ्या केंद्रावर.